माझ्या नावाचं पान

हॉलच्या फाटकाला लावलेला फ्लेक्स नीट ताणला नव्हता. खाडीकडून वारा आला की त्याचं पोट फुगायचं, वारा पडला की आत जायचं, आणि वरचे सगळे चेहरे श्वास घेतल्यासारखे हलायचे. वर शाळेचं नाव, खाली 'दहावीची आपली बॅच', मग आयोजक मंडळींचे गॉगल लावलेले फोटो. आणि अगदी तळाला काळी चौकट. 'जे आज आपल्यात नाहीत.' ज्यांचे फोटो मिळाले त्यांचे फोटो होते. एकाचा मिळाला नव्हता, म्हणून छापणाऱ्यानं तिथं समईचं चित्र टाकलं होतं. समईखाली माझं नाव होतं. वडिलांच्या नावासकट.

मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. चहाच्या टपरीशी उभा राहिलो. चहावाल्यानं विचारलं, "कटिंग?" मी मान हलवली. त्याला मी दिसत होतो, एवढ्यानंही बरं वाटलं.

तमिळनाडूतल्या सेलमहून इतक्या लांब आलो होतो. मुलीनं फोनवर शाळेचं नाव टाकून हा कार्यक्रम शोधून दिला. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. "अप्पा, हेच का?" म्हणाली, आणि मी दिवस, वेळ, पत्ता मोठ्यानं वाचला. खालची चौकट पडद्यावर आलीच नाही. सगळ्या वाटेत मला एकच घोर होता, की मी नववीसुद्धा पुरी केलेली नाही, दहावीच्या बॅचला कसा चालणार? कुणी अडवलं तर काय म्हणायचं, ते गाडीत मनातल्या मनात पाठ करत आलो होतो. आता ते पाठांतर कुणाच्या कामाचं? मेलेल्या माणसाला कितवी पास विचारत नाहीत.

खरं तर मला या बॅचकडून काही नको होतं. मला माझ्या वर्गातल्या दशरथची आई, आये, हवी होती. असली तर. तिच्यासमोर एकदा उभं राहायचं, तिनं बघायचं, आणि म्हणायचं, "आयलास?" बास. पण फ्लेक्सवर जे छापलं ते तिच्या कानावर कधीच गेलं असणार. तिच्या लेखी मी कोण आता?

चहा तसाच हातात गार झाला.

आमची वस्ती तुर्भ्याच्या डोंगराच्या पायथ्याला, दगडाच्या खाणीजवळ. मूळ गाव माणदेशाच्या कडेला, पण तिथलं मला फक्त बाभळीचं बन आठवतं. शाळा शिरवण्याच्या अंगाला होती. वर्गात तीन तऱ्हेची पोरं. गावातली आगऱ्यांची, ज्यांची भातशेती नव्या शहरासाठी गेली होती. नव्या फ्लॅटमधली, ज्यांच्या दप्तरांना कोऱ्या रेक्झिनचा वास असायचा. आणि आम्ही खाणवाले, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. केस किती धुतले तरी दगडाची भुकटी निघायची नाही.

शाळेला तेव्हा पत्रा होता. दुपारी खाणीवर भोंगा व्हायचा. लांब, एका दमाचा. डोंगरावर लाल बावटा वर जायचा. गणिताचे सर खडू फळ्यावर टेकवून थांबायचे आणि अख्खा वर्ग कानात बोटं घालून तोंड उघडं ठेवायचा. तोंड उघडं ठेवलं की कानठळ्या बसत नाहीत, हे आम्हाला पहिलीपासून शिकवलेलं. मग सुरुंग. पत्रा थरथरायचा, फळ्यावरची खडूची धूळ खाली झरायची. नंतर दुसरा भोंगा, आखूड. म्हणजे सगळं ठीक. मग सर म्हणायचे, "हं, कुठे होतो आपण?" आणि गणित पुढं सुरू.

सकाळी खाडीच्या चिखलाचा वास. दुपारी सुरुंगाच्या दारूचा, कडवट, घशात बसणारा. संध्याकाळी कुठल्यातरी कंपनीतून काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा गोड वास यायचा आणि पोटात खड्डा पडायचा. हे वास मी आता नुसते शब्दांनी सांगतो. मी गलाईच्या धंद्यात आयुष्य काढलं. सोनाराकडचं जुनं सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करायचं. त्यात तेजाब, म्हणजे जहाल ॲसिड, लागतं, आणि त्याची वाफ नाकानंच घ्यावी लागते. कधीतरी एका सणाला बायको म्हणाली, "खीर करपली की, वास नाही आला तुम्हाला?" नव्हता आला. तेव्हापासून नाहीच. माणसाचे डोळे गेले तर लोक हात धरतात. नाक गेलेलं कुणाला कळतही नाही.

पण दशरथच्या घराचा वास माझ्या डोक्यात कुठंतरी अजून तसाच आहे. कौलारू घर, पुढं ओटा, दारात वाळत घातलेला जवळा, बारीक कोलंबीसारखी मासळी. तव्यावर तांदळाची भाकरी टाकली की वाफेबरोबर जो वास यायचा तो. मधल्या सुट्टीत मी बापाचा डबा घेऊन खाणीकडं पळायचो आणि तसाच उपाशी परत. वाटेत दशरथचं घर. आये ओट्यावरूनच माझी कॉलर धरायची.

"ए खानीवाल्या, उपाशी पलतंस? बस."

"आये, तास चुकल."

"तास काय पलून जातो? भाकरी गार होते."

अर्धी भाकरी आणि वर भाजलेला जवळा. खाताना ती पदरानं माझे केस झाडायची आणि म्हणायची, "आरं, म्हातारा झालास की रं तू आताच!" दशरथ आतून ओरडायचा, "आये, माझी भाकरी त्याला दिलीस!" ती म्हणायची, "तुजी भाकरी तुज्या पोटात दिसतंय ना, ढोला!" दशरथ तेव्हापासूनच जाडा.

एकदा मी तिच्याकडं जेवत असतानाच भोंगा झाला. माझे दोन्ही हात जवळ्यानं माखलेले. तिनं मागून येऊन आपल्या तळव्यांनी माझे कान दाबले. त्या तळव्यांना मिठागरातल्या कामानं भेगा पडलेल्या, कानाला खरखरीत लागायच्या. सुरुंग उडाला तसा मी दचकलो. दुसरा भोंगा होईपर्यंत तिनं हात काढले नाहीत. मग म्हणाली, "तुजा बाप शाना हाय. लांब उभा असंल." मला काय वाटत होतं ते मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

दशरथ आणि मी शाळा सुटली की रिकाम्या इमारतींत जायचो. तेव्हा सरकारनं इमारती बांधून ठेवल्या होत्या आणि कितीतरींत राहायला माणसंच आली नव्हती. कोऱ्या सिमेंटचे जिने, काचा नसलेल्या खिडक्या. एकानं खाली थांबायचं, एकानं गच्चीवर जायचं. खालच्यानं ओरडायचं, "कोन हाय वरतीऽऽ?" वरच्यानं उत्तर द्यायचं, "मालक हाऽऽय!" सगळी इमारत ते परत परत म्हणायची. मालक हाय, मालक हाय. दोघांच्याही पायात चपला नव्हत्या.

मग एका दुपारी डबा देऊन मी खाणीचा उतार उतरत होतो. भोंगा झाला. सुरुंग उडाला. मी कानात बोटं घालून उभा राहिलो. दुसरा भोंगा झालाच नाही.

त्या दुपारचं मला एवढंच सांगता येतं. मामा आला, ट्रकमधून आम्हाला गावी घेऊन गेला. आई फार दिवस टिकली नाही. मग मामानं मला गलाईवर सेलमला नेलं. शाळेचा दाखला कुणी काढला नाही, कुणाचा निरोप कुणी घेतला नाही. नंतर कितीदा वाटलं, जाऊन यावं. पण त्या डोंगराच्या दिशेनं पाय उचलायचा म्हटलं की तो न झालेला भोंगा आठवायचा. आणि भीती आणखी एक होती. गेलो आणि आयेनं ओळखलंच नाही तर? तिथं भट्टीपुढं मी ज्या अर्ध्या भाकरीवर तगलो, ती भाकरीच तिला आठवत नसली तर?

चहावाला म्हणाला, "अंकल, दुसरा देऊ? हा मेला." मी पैसे दिले आणि रस्ता ओलांडला.

दारात गुलाबाची फुलं घेऊन एक बाई बसल्या होत्या. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं, रंजना. दोन वेण्या, पाढे म्हणताना डोळे मिटणारी रंजना. आता बेलापूरला कुठल्याशा सरकारी ऑफिसात साहेब असाव्यात, कारण मागून कुणीतरी "मॅडम, सोमवारी फाईल घेऊन येऊ का ऑफिसला?" विचारत होतं आणि त्या म्हणत होत्या, "आज नको हो ते टेन्शन."

मला बघून हसल्या. "या ना. तुम्ही कोणाचे मिस्टर?"

सगळं पाठांतर विसरलो. "मी… दशरथला भेटायचं होतं. शिरवण्याचा."

"दशरथ ना? येईल आता. आज सर्वपित्री, घरी पितरांचं पान ठेवून येतो म्हणाला. मी सांगत होते सगळ्यांना, अमावास्येला ठेवू नका. पण पितृपक्षात हॉल रिकामे असतात, नंतर मिळत नाहीत. बसा तुम्ही. जेवून जा हं, लाजू नका."

त्यांनी मला गुलाब दिला. मी शेवटच्या रांगेत बसलो.

एक गृहस्थ माइकवर होते. एकेकाचे किस्से, टोपणनावं, हशा. मी चेहऱ्यांत जुने चेहरे शोधत होतो. टकलं, रंगवलेले केस, जाड भिंगं. मग माइकवाले म्हणाले, "बरं, दुपारी आपल्या शाळेत काय व्हायचं? कुणाला आठवतंय?" आणि त्यांनी माइक तोंडाशी नेऊन लांब भोंगा काढला.

अख्ख्या हॉलनं कानात बोटं घातली. तोंडं उघडी. आजी झालेल्या बाया, निवृत्तीला आलेले पुरुष, सगळे डोळे मिटून, तोंड वासून बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर शाळेतली पोरं परत आली होती. मग कुणीतरी "धडाम!" केलं आणि हसून हसून लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांची ती शाळा होती. मी आपला दुसऱ्या भोंग्याची वाट बघत बसलो. तो काढायचं माइकवाल्यांच्या लक्षातच नव्हतं.

पुढं श्रद्धांजली. रंजनाबाई वर गेल्या आणि जड आवाजात नावं वाचू लागल्या. माझं नाव शेवटी आलं. "हा तर आपल्याला नववीतच सोडून गेला. वडिलांबरोबर, खाणीत." सगळे उभे राहिले. मीही राहिलो. दुसरं काय करणार? बसून राहिलो असतो तर शेजारचे म्हणाले असते, काय माणूस आहे. मान खाली घातली. हातात गुलाब. इतकी माणसं माझ्यासाठी गप्प उभी होती, आणि मला ओरडावंसं वाटत होतं. पण घशातून येणार कुठल्या भाषेत, तेही कळेना. इतकी वर्षं बाहेर तमिळ बोललो. मोठ्यानं मराठी बोलायची सवयच राहिली नाही.

खाली बसलो तेव्हा शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी धापा टाकत येऊन बसलं होतं. पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी, पोट मांडीवर. बिल्ला बघायची गरज नव्हती.

"दशरथ," मी म्हणालो. "मी आहे." आणि नाव सांगितलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. आवाज खाली आणून म्हणाला, "ओ भाऊ, मस्करी अशी करत नाय कोनी. मानूस मेलाय तो."

"नाही मेला."

"तुमी कोन हाव? कोनी पाठवला?" तो उठायला लागला. मी त्याचा हात धरला तर त्यानं झटकला. सगळं तिथंच संपत होतं. दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं. आधारकार्डावर नाव होतं, पण त्या नावाचा माणूस मेलाय हे फ्लेक्सवर छापलेलं. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, हळूच:

"कोन हाय वरती?"

दशरथ अर्धा उठलेला तसाच राहिला.

"मालक हाय," तो म्हणाला.

मग त्यानं माझी कॉलर धरली, आणि भर हॉलमध्ये ओरडला, "साल्या, कुठं मेला व्हतास रं एवढी वर्षं!" आणि मला असं आवळलं की माझा श्वास कोंडला. लोक वळून बघायला लागले. मला फक्त एकच विचारायचं होतं आणि ते विचारायची छाती होत नव्हती.

"आये?"

"हाय." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "नव्वदीला टेकली. कान गेलं. एक डोला चालतो. चल. आत्ता चल. वर पान ठेवलाय तुजा."

"माझं?"

"चल तू."

रंजनाबाई मागून ओरडल्या, "अरे दशरथ, जेवण? पाहुण्यांना घेऊन कुठे चाललास?"

"त्याचा जेवन घरी वाढलाय!" दशरथ म्हणाला.

स्कूटरवर मागं बसलो. त्याचं बोलणं वाऱ्यानं तुटत येत होतं. त्या दिवशी तुला खानीवर जाताना बघितलेलं, खाली येताना कोनी नाय बघितला. वस्ती उठली, विचारायचं कुनाला? आये पहिल्या सालीच बोल्ली, खानीवाल्याचं मागं कोन हाय पान ठेवायला? तवापासून ठेवतंय. भटजी बोल्ला, पितरांना मासली चालत नाय. आये बोल्ली, ह्याला चालते. कोपऱ्यात जवला असतोच तुज्या.

सिग्नलला तो थांबला. मान न वळवता म्हणाला, "आनि सगल्यांत पयला कावला तुज्याच पानाला शिवतो बघ. दर साली. आये बोलते, पोराची काय इच्छाच मागं नाय राहिली, बरा झाला."

मी त्याच्या खांद्याला धरून बसलो होतो. तिकडं भट्टीपुढं रडलो, भाषेसाठी झुरलो, दर वर्षी या गावाकडं जायचं मनात आणलं आणि राहिलो, आणि इकडं कावळा दर वर्षी येऊन सांगून जात होता, की याला काही नको.

कौलारू घराच्या जागी चार मजली इमारत होती. वर मोबाईलचा टॉवर. गच्चीवर कठड्यापाशी केळीची पानं मांडली होती. वडे, खीर, गवारीची भाजी, अळू. आयेच्या सासऱ्याचं, नवऱ्याचं, मोठ्या दिराचं. जरा अंतर सोडून एक. आडनाव वेगळं म्हणून बाजूला, पण ओळ तीच.

प्लास्टिकच्या खुर्चीत आये बसली होती. एवढीशी झालेली. हातात काठी. "काव, काव," ती म्हणत होती, आणि दशरथची बायको टॉवरकडं बघत होती. आता इकडं कावळे फारसे येत नाहीत, कबुतरंच. सगळी पानं वाळत चालली होती.

दशरथनं तिच्या कानाशी तोंड नेलं. "आये! खानीवाला आयलाय!"

"हां, हां. ठेवलाय त्याचा."

"आये, जिता हाय तो! मेला नाय!"

"अमास हाय," ती शांतपणे म्हणाली. "आज सगले येतात."

मी तिच्यासमोर तापलेल्या लादीवर बसलो. तिनं चांगला डोळा माझ्यावर आणला. बराच वेळ बघितलं. ओळखलं, हे मला कळलं. ओळखलं आणि नवल वाटलं नाही, हेही कळलं. तिनं काठीच्या टोकानं ते पान माझ्याकडं सरकवलं, मेलेल्याला वाढतात तसं, मायेनं. "बस बाला. तुजाच हाय."

"आये, मी आहे," मी म्हणालो. "मी आहे गं." आणखी काय काय म्हणालो ते आठवत नाही. त्यातलं अर्धं तमिळ असावं. तुझी भाकरी, तुझे हात, सगळं सांगायला आलो होतो, आणि ती मान डोलवत होती, जसं पितरांचं ऐकून घेतात.

तेवढ्यात दशरथची बायको कुजबुजली, "आला, आला."

पाण्याच्या टाकीवरून कावळा कठड्यावर उतरला. मान वाकडी करून त्यानं सगळी पानं बघितली. मग नेहमीसारखा सरळ माझ्या पानाकडं आला. उडी. आणखी एक उडी. कुणी हललं नाही. माझा हात आयेच्या गुडघ्यावर होता, तो मी आवळला. तिनं त्या हाताकडं बघितलं. मग त्यावर आपला हात ठेवला, आणि तसाच ठेवून राहिली. चाचपला. मनगट दाबलं, अंगठ्यानं, वैदू नाडी बघतो तसं.

कावळ्यानं चोच खाली नेली.

"हाड!" आये ओरडली.

काठी पानाशेजारी आपटली. कावळा फडफडत टाकीवर गेला. दशरथची बायको उभीच राहिली. "आये, अवो, कावला हाय तो! एवढ्या वेलानं आलाय!"

कावळा परत कठड्यावर आला. आये माझ्या खांद्यावर भार देऊन उठली. उठताना तिची हाडं वाजली. ती माझ्या आणि कावळ्याच्या मधे जाऊन उभी राहिली, काठी उगारून, अख्खं अंग कापत.

"त्यांचा खा," ती त्याला म्हणाली. "ह्याला नाय शिवाचा. पोऱ्या जेवाचा हाय अजून."